बटण मी दाबतो, मग निर्णय कुणाचा?

*नमस्कार ताई-दादा, मी ३३ वर्षांचा, सांगलीजवळच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. हातात ३८ हजार पगार येतो. दोन वर्षांपासून निफ्टीचे ऑप्शन करतो, म्हणजे शेअर बाजाराचा हा निर्देशांक वर जाईल की खाली यावरचे थोड्या मुदतीचे सौदे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत चांगला फायदा झाला, मग सगळं उलटं फिरलं. आतापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गेलेत, त्यातले दीड लाख पर्सनल लोनचे आहेत. टेलिग्रामवर एका चॅनलला आहे, सकाळी यूट्यूबवर लेव्हल बघतो. पण मी कुणाचं आंधळेपणानं ऐकत नाही. चार्ट स्वतः बघतो, पटलं तरच एंट्री घेतो, बटणही मीच दाबतो. बायको म्हणते, तुम्ही दुसऱ्याच्या डोक्यानं चालता. ते मला पटत नाही. माझी चूक एकच आहे, शिस्त कमी पडते. ऐन वेळी स्टॉप लॉस (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकायची सूचना) काढून टाकतो, जास्त लॉट (सौद्याचे ठरलेले गठ्ठे) घेतो. मनावर ताबा कसा मिळवायचा तेवढं सांगा.*

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊच, पण तोटा शिस्तीमुळे झाला हे तुम्हाला कुणी सांगितलं, ते आधी आठवून बघा. फायदा झाला तर पद्धत बरोबर आणि तोटा झाला तर तुमची शिस्त कमी, ही वाटणी तुम्ही केलेली नाही. ती चॅनलवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातून आलेली आहे. स्टॉप लॉस लागला की ‘थोडा धीर धरायला हवा होता’. स्टॉप लॉस काढला आणि तोटा वाढला की ‘शिस्त नाही’. मोठा लॉट घेतला तर लोभ, छोटा घेतला तर भीती. या हिशेबात पद्धत चुकीची ठरेल असा एकही सौदा होऊच शकत नाही. दोन वर्षं तुम्ही स्वतःला दोष देताय आणि सल्ला तपासायचा राहूनच गेलाय.

आता ‘चार्ट मी बघतो’ याकडे वळू. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो. नऊ-वीसला मेसेज येतो, समजा असा: ‘अमुक स्ट्राइकचा कॉल १२०च्या वर घ्या, स्टॉप लॉस १०५, टार्गेट १३५, १५०, १८०.’ स्ट्राइक म्हणजे ऑप्शनमध्ये ठरलेली निफ्टीची पातळी आणि कॉल म्हणजे निफ्टी वर जाईल यावरचा सौदा. तुम्ही चार्ट उघडता. पण तोवर शेकडो स्ट्राइकमधला एक कुणीतरी निवडलेला असतो. दिशा ठरलेली असते, किंमत ठरलेली असते आणि काही मिनिटांत उरकायची घाईसुद्धा ठरलेली असते. तुमच्या वाट्याला फक्त हो किंवा नाही उरतं. मनात ‘हा वर जाईल का?’ हा प्रश्न घेऊन पाच मिनिटांचा चार्ट बघितला तर त्यात ‘हो’ म्हणायला काही ना काही सापडतंच. कधी मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, कधी कालचा हाय, कधी नुसती एक हिरवी कँडल. मेसेज नसता तर तुम्ही तोच स्ट्राइक, त्याच मिनिटाला, त्याच बाजूनं उघडला असता का?

बाहेरचा प्रभाव क्वचितच हुकूम होऊन येतो. काय बघायचं, कशाच्या शेजारी ठेवून बघायचं आणि किती वेळात ठरवायचं, एवढंच तो ठरवून देतो. बाकीचं आपण स्वतः करतो, म्हणून निर्णय आपला वाटतो. लोक इतरांवर पडणारा प्रभाव जास्त धरतात आणि स्वतःवरचा कमी, हे निरीक्षण फिलिप्स डेव्हिसन या समाजशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये मांडलं होतं. ‘मी आंधळेपणानं ऐकत नाही’ असं त्या चॅनलवरच्या बहुतेकांना स्वतःबद्दल वाटत असणार. तुम्ही मूर्ख आहात असा याचा अर्थ काढू नका. विचार करणाऱ्या माणसावर प्रभाव असाच पडतो.

बटणाचंही तसंच आहे. एलन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७५चा प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. ऑफिसातल्या लोकांना एक डॉलरचं सोडतीचं तिकीट विकलं. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं दिलं. नंतर विचारलं, हे परत विकायचं तर किती घ्याल? हातात दिलेल्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले, स्वतः निवडलेल्यांनी ८.६७. जिंकण्याची शक्यता दोघांचीही तेवढीच होती. निवडायला मिळालं एवढ्यावरच भाव चौपट झाला. आता तुमचं ट्रेडिंग अ‍ॅप आठवा. स्ट्राइक निवडा, लॉट निवडा, मार्केट की लिमिट ते निवडा, स्टॉप लॉसची रेघ बोटानं सरकवा. प्रत्येक निवडीमागे ‘हे माझ्या हातात आहे’ ही भावना वाढत जाते. निफ्टी पुढच्या दहा मिनिटांत कुठं जाईल त्यावर या निवडींचा तसूभरही परिणाम होत नाही.

त्याच वर्षी लँगर आणि जेन रॉथ यांनी विद्यार्थ्यांना नाण्याचे तीस कौल ओळखायला लावले. बरोबर-चूक आधीच ठरवून ठेवलं होतं आणि एकूण बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखी होती. ज्यांची बरोबर उत्तरं सुरुवातीला आली, त्यांना आपल्याला यातलं कळतं असं इतरांपेक्षा जास्त वाटलं. तुमचे पहिले दोन-तीन महिने असेच गेले असण्याची शक्यता मोठी आहे. सुरुवातीलाच तोटा झालेले बरेच जण लवकर बाहेर पडतात. फायदा झालेले राहतात आणि त्या फायद्यालाच आपलं खरं कौशल्य समजून पुढचा सगळा तोटा अपवादात टाकतात.

‘सगळं माझ्या हातात आहे’ असं मानणं चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये माणसं आपल्या आयुष्याची सूत्रं स्वतःकडे मानतात की बाहेर, हे मोजायची प्रश्नावली तयार केली. तेव्हापासून आतली सूत्रं म्हणजे बळकट मन, असा सरसकट अर्थ लावला जातो. अभ्यासात, तब्येतीत, नोकरीत तो बऱ्याच अंशी खराही ठरतो, कारण तिथं केलेल्या कष्टाचं फळ दिसतं. पण जिथं निकाल मुख्यतः योगायोगावर आणि समोरच्याच्या ताकदीवर ठरतो, तिथं हाच विश्वास माणसाला जास्त वेळ, जास्त पैसा ओतायला लावतो. तुमची इच्छाशक्ती कमी आहे असं आम्हाला वाटत नाही. दोन वर्षं नोकरी सांभाळून हे करायला पुष्कळ इच्छाशक्ती लागते, पण ती जिथं लागतेय तिथं तिचा उपयोग नाही.

समोर कोण आहे तेही बघा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या आणि सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या घरात होता. सगळा खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त कमावणारे फक्त एक टक्का निघाले. सलग तोटा होऊनही तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी सौदे चालूच ठेवले. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के लोक तोट्यात होते आणि सौदे करणाऱ्या सगळ्या व्यक्तींचा मिळून निव्वळ तोटा एक लाख पाच हजार कोटींच्या वर गेला. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या पैशानं सौदे करणाऱ्या मोठ्या संस्था आणि परदेशी फंड आहेत. त्यांचा २०२३-२४ मधला जवळपास सगळा नफा संगणकानं आपोआप चालणाऱ्या सौद्यांतून आला होता. ९३ टक्के लोकांमध्ये एकाच वेळी शिस्तीची कमतरता कशी असेल?

दलालीचा हिशेब तर कुणी करतच नाही. दिवसाला चार सौदे म्हणजे आठ ऑर्डर. ऑर्डरला २० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर दिवसाचे १८८ रुपये ८० पैसे होतात, महिन्याच्या वीस दिवसांचे ३,७७६. तुमच्या पगाराचा जवळपास दहावा हिस्सा. एसटीटी हा सौद्यावरचा कर, एक्स्चेंजचा आकार, मुद्रांक शुल्क यांची भर याशिवाय पडते.

आता चॅनल नेहमी बरोबर कसं दिसतं ते सांगतो, कारण ही कारागिरी एकदा दिसली की नंतर लपत नाही. वरचाच मेसेज घ्या. भाव १२०वरून १३५ला जाऊन परत १०५ला आला, तर चॅनलवर ‘टार्गेट १ डन’ आणि रॉकेटचं चित्र येतं. तुम्ही मात्र ‘टार्गेट २साठी होल्ड करा’ वाचून थांबलेला असता आणि १०५ला बाहेर पडता. त्यांच्या वहीत १५ रुपयांचा विजय, तुमच्या खात्यात १५ रुपयांचा तोटा, सौदा तोच. भाव १२०च्या वर गेलाच नाही तर ‘एंट्री मिळाली नाही’ म्हणून तो मोजलाच जात नाही. फसलेला मेसेज संध्याकाळी पुसला जातो.

शिवाय हजारो लोक एकाच मिनिटाला खरेदीला धावले, तर कमी उलाढालीच्या स्ट्राइकमध्ये तुम्हाला १२० ऐवजी १२६ला मिळतो. इथं नीट बघा. कागदावर १५ घालवायचे की १५ मिळवायचे असा सौदा होता. आता १०५चा स्टॉप लॉस २१ रुपये खाली आहे आणि १३५चं टार्गेट फक्त ९ रुपये वर. खर्च सोडून नुसतं बरोबरीत राहायलाही आता दहापैकी सात सौदे जिंकावे लागतील. मेसेज टाकणाऱ्यानं आधीच ११५ला घेऊन ठेवलं असेल तर तुमच्या खरेदीवरच तो विकून मोकळा होतो. आणि त्याला बाजारात कमावायची गरज असतेच असं नाही, कोर्सची फी पुरते. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावानं चालणाऱ्या यूट्यूब चॅनलच्या प्रकरणात सेबीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढून १७ कोटी २० लाख रुपये जमा करायला सांगितले होते. चॅनलवर फायदा दाखवणाऱ्याचे स्वतःचे सौदे तोट्यात होते, हेही त्या आदेशात नोंदलेलं आहे.

तुमच्या चॅनलवाल्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर शोधा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक ‘आयएनएच’नं सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’नं. नाव आणि क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत, कारण दुसऱ्याचा क्रमांक लावणारेही आहेत. नोंदणी असली म्हणजे सल्ला बरोबर असेल असंही नाही. पण खात्रीशीर परताव्याचं आश्वासन नोंदणीकृत माणसाला देता येत नाही. ते दिसलं की तिथंच थांबा.

आता तुमचं काम. या रविवारी दोन तास काढा आणि वहिनींना शेजारी बसवा.

पहिलं काम, खरा आकडा काढा. ‘साडेचार लाखांच्या आसपास’ हा अंदाज आहे. अ‍ॅपच्या पहिल्या पानावरचा आकडा घेऊ नका, तो बऱ्याचदा खर्च वजा न करता दाखवलेला असतो. बँकेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट काढा. ब्रोकरला पाठवलेली एकूण रक्कम, त्यातून परत आलेली रक्कम वजा, त्यातून आज खात्यात असलेली रक्कम वजा. उरतो तो तोटा. शेअर किंवा फंडही याच खात्यातून घेतले असतील तर त्यांची आजची किंमतही वजा करा. ब्रोकरच्या नफा-तोटा अहवालाशी हा आकडा जुळवा. फरक आला तर बहुतेकदा तो खर्चात किंवा विसरलेल्या दुसऱ्या ब्रोकरच्या खात्यात सापडतो. लोनवरचं आतापर्यंतचं व्याज त्याखाली वेगळं लिहा.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि टाळावंसं वाटेल. शेवटचे वीस सौदे घ्या. वहीत पाच रकाने आखा: ऑर्डरची वेळ, त्या स्ट्राइकचा मेसेज किंवा व्हिडिओ आला ती वेळ, मधली मिनिटं, मेसेज येण्याआधी तुमचं स्वतःचं काही लिहिलेलं होतं का, आणि सौदा कशामुळे बंद केला. ऑर्डरची वेळ ट्रेडबुकमध्ये सेकंदासह मिळते, टेलिग्रामवर मेसेजची वेळ दिसतेच. मेसेज पुसलेला असेल तर तसं लिहा, तीही माहितीच आहे. इथं आठवणीवर अजिबात जाऊ नका. आठवण नेहमी ‘माझंही तेच मत होतं’ असंच सांगते. वीसपैकी किती ऑर्डर मेसेजनंतर दहा मिनिटांच्या आत गेल्या ते मोजा. तुमचं आणि वहिनींचं भांडण या एका रकान्यावर मिटेल. आकडा तीन आला तर वहिनी चुकतायत. पंधरा आला तर तुम्ही.

नाणं उडवून तीस कौल ओळखा आणि निकाल क्रमानं लिहा. बहुतेक वेळा कुठं तरी सलग चार वेळा एकच बाजू आलेली दिसेल. तुमच्या सलग चांगल्या दिवसांकडे त्यानंतर जरा वेगळ्या नजरेनं बघता येईल.

यानंतर मनावर ताबा. ऐन सौद्यात, पैसे खाली जात असताना, हात थरथरत असताना मनावर ताबा मिळवायचा सल्ला आम्ही देणार नाही, कारण तो टिकत नाही. ताबा घ्यायचा तो बाजार बंद असताना, आणि मनाऐवजी रस्त्यांवर. उघडे सौदे असतील तर बाजार उघडल्यावर आधी ते बंद करा, मग ब्रोकरकडे एफ अँड ओ सेगमेंट बंद करायला सांगा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये प्रोफाइलमध्येच सेगमेंटचा पर्याय असतो, नसेल तर लेखी विनंती पाठवा. पुन्हा चालू करायला बऱ्याचदा उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो आणि थोडा वेळ जातो. तोच वेळ आपल्याला हवाय. काही अ‍ॅपमधलं ‘किल स्विच’ काही तासांपुरतंच असतं, त्यावर विसंबू नका. शिल्लक त्याच दिवशी बँकेत मागवा. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी लोनचा हप्ता आणि घरखर्च वेगळ्या, शक्यतो दोघांच्या संयुक्त खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला द्या.

चॅनल नुसतं म्यूट करू नका. सोडा आणि चॅट डिलीट करा. म्यूट केलेलं चॅनल ‘फक्त बघतो’ म्हणून परत उघडलं जातं. यूट्यूबवर वॉच हिस्ट्री पुसा, नोंद थांबवा आणि असे व्हिडिओ समोर आले की ‘हे चॅनल सुचवू नका’ निवडा. इन्स्टाग्रामवर वेगळं करावं लागतं. चार-पाच दिवस तरी जुनंच येत राहील, त्यावर थांबून बघत बसलात तर ते पुन्हा वाढेल.

बिघडतं कुठं? मंगळवारी निफ्टीची आणि गुरुवारी सेन्सेक्सची साप्ताहिक मुदत संपते, त्या दुपारी ओढ सर्वांत जास्त असते. त्या दोन दिवशी मधल्या सुट्टीत फोन लॉकरमध्ये ठेवा आणि डब्याला कुणाबरोबर तरी बसा. दुसरा धोका म्हणजे ‘तोटा भरून काढून देतो’ म्हणणारा फोन किंवा ग्रुप. तोटा झालेल्यांच्या याद्या फिरत असतात. असा माणूस तुमचा लॉगिन मागतो किंवा फायद्यात वाटा मागतो. दोन्हीला नाही म्हणा. तिसरा धोका मित्राच्या किंवा भावाच्या खात्यावरून ‘फक्त एक लॉट’. सेगमेंट बंद केल्यावर वाट बहुतेकदा तिथूनच काढली जाते, म्हणून घरात आधीच सांगून ठेवा.

वहिनींना शेजारी बसवायला का सांगितलं ते सांगतो. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात माणसांना रेषांची लांबी ओळखायला लावली. खोलीतले बाकीचे सगळे, आधीच ठरवून, एकमतानं चुकीचं उत्तर देत. तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांना दिसत असूनही चुकीच्या उत्तराला हो म्हणाली. पण गटातला फक्त एक जण वेगळं बोलला की हे प्रमाण एकदम खाली आलं. तुमच्या चॅनलवर बोलायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला आहे, तोटा झालेल्यांचा आवाज तिथं कधी येतच नाही. तुमच्या घरात वेगळं बोलणारा एक माणूस आहे, आणि त्याच माणसाला तुम्ही यातलं काही कळत नाही म्हणून बाजूला ठेवलंय. वहिनींनीही ‘दुसऱ्याच्या डोक्यानं चालता’ हे म्हणणं सोडावं, कारण ते ऐकलं की माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो. त्यापेक्षा ‘हे तुम्ही पहिल्यांदा कुठं बघितलं, किती वाजता?’ एवढंच विचारावं.

आमचं उत्तर हासुद्धा बाहेरचाच प्रभाव आहे. तेव्हा सेबीचे आकडे तिच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, वीस सौद्यांची वही स्वतः भरा, आणि वही आमच्याविरुद्ध गेली तर तसं जरूर कळवा.

लोनबद्दल थोडक्यात. नवीन कर्ज घेऊन जुनं फेडू नका, मुदतीआधी फेडायचा आकार किती ते बँकेला विचारा, आणि हा आकडा घरात कुणापासूनही लपवू नका. झोप उडाली असेल, लपवून पैसे उचलावेसे वाटत असतील, सेगमेंट बंद केल्यावर चिडचिड आवरत नसेल, तर जुगाराच्या सवयीसारखंच हे मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं दुखणं आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत विचार जात असतील तर रविवारची वाट न बघता आजच फोन करा.

आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्राचं राहू देऊ नका. एफ अँड ओमधला तोटा हा धंद्यातला तोटा धरला जातो. तो पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे ओढता येतो. नोकरदार माणूस सवयीनं साधा फॉर्म भरून टाकतो आणि तोटा दाखवायचाच राहतो. तुम्हाला आयटीआर-३ हा फॉर्म लागेल. ब्रोकरकडून आर्थिक वर्षाप्रमाणे टॅक्स अहवाल काढा आणि तो घेऊन जूनमध्येच सांगलीतल्या एखाद्या सीएकडे जा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना तुमचे सौदे नीट बघायला वेळ नसतो.